एम-वनवर थांबू नका : ओंटारियोतल्या मराठी दुचाकीस्वारांना जाहीर आवाहन



गुढीपाडवा झाला की इथला बर्फ ओसरू लागतो आणि मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टनच्या गॅरेजांमधून झाकून ठेवलेल्या मोटारसायकली बाहेर निघतात. त्याच सुमारास आपल्या माणसांचे फोन सुरू होतात. "लेखी परीक्षा दिली, एम-वन मिळालं. आता गाडी कुठली घेऊ?" गाडी कुठलीही घ्या. त्याआधी कोर्सला नाव घाला, एवढ्यासाठी हे आवाहन आहे.

मोटारसायकलचा परवाना इथे तीन टप्प्यांनी मिळतो हे ऐकून सगळ्यांना माहीत असतं, तपशिलात मात्र गोंधळ असतो. म्हणून आधी हिशेब. वय किमान 16 हवं. ड्राइव्हटेस्ट केंद्रात डोळे तपासतात, नियमांची लेखी परीक्षा होते आणि पहिल्या टप्प्याचं एम-वन हातात पडतं. कारचा पूर्ण जी परवाना असला तरी यातून सुटका नाही, आणि पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या आरटीओत आपण जो आठचा आकडा काढला होता तो इथे कोणी मोजत नाही. एम-वनची मुदत 90 दिवस. त्यातले किमान 60 दिवस काढल्याशिवाय एम-टू मिळत नाही. म्हणजे पुढच्या पायरीवर जायला उरतात जेमतेम 30 दिवस. ते हुकले तर नूतनीकरण नाही. पुन्हा लेखी परीक्षा, पुन्हा पैसे.

या काळात मागे कोणाला बसवायचं नाही. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, एवढ्याच वेळात चालवायचं. रक्तात दारूचा अंश शून्य. ताशी 80 किलोमीटरपेक्षा जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर जायचं नाही, म्हणजे 401, 403, क्यूईडब्ल्यू हे महामार्ग बंद. उत्तरेकडच्या 11, 17, 69 अशा काही महामार्गांना यातून सूट आहे, कारण तिकडे गावातून गावाला जायला बहुतेक वेळा दुसरा रस्ताच नसतो. ब्रॅम्प्टनमध्ये राहणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

एम-टू मिळालं की रात्र, महामार्ग, डबलसीट, सगळं मोकळं होतं. दारू मात्र शून्यच. या टप्प्यात 22 महिने काढावे लागतात. सरकारमान्य कोर्स करून आलात तर 18. मग शेवटची रस्त्यावरची परीक्षा आणि पूर्ण एम.

पण चार महिने वाचतात म्हणून कोर्स करा, असं मी म्हणणार नाही. चार महिने म्हणजे इथे एक हिवाळा, आणि हिवाळ्यात तशीही कोण चालवतो?

खरं कारण वेगळं आहे. आपली मुलं कार शिकतात तेव्हा जी-वन या शिकाऊ परवान्याच्या टप्प्यात शेजारी किमान चार वर्षांचा अनुभव असलेला चालक बसवावाच लागतो. तसा कायदाच आहे. आई दाराचं हँडल घट्ट धरून बसते, बाबा नसलेला ब्रेक पायाने दाबत राहतात, आणि मुलगा वैतागत का होईना पण शिकतो. मोटारसायकलला शेजारची सीट नसते, आणि मागच्या सीटवर एम-वनमध्ये कोणाला बसवता येत नाही. एम-वनवाला पहिल्या दिवसापासून एकटा. त्यातून ओंटारियोत इंजिनाच्या आकारावर बंधन नाही. ब्रिटनमध्ये 17व्या वर्षी 125 सीसी, 19व्या वर्षी 35 किलोवॉटपर्यंतची गाडी आणि थेट मोठी गाडी 24व्या वर्षी, अशी शिडी आहे. इथे सकाळी लेखी परीक्षा पास झालेला माणूस दुपारी हजार सीसीची गाडी घेऊन निघाला तरी कायदा आडवा येत नाही. तुम्हाला चालवताना पाहणारं, टोकणारं, "थांबा, पुन्हा करा" म्हणणारं माणूस या सगळ्या वाटेवर प्रामुख्याने कोर्समध्येच भेटतं. परीक्षक भेटतो, पण तो गुण द्यायला येतो, शिकवायला नाही.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर आहे. "मला काय शिकवणार? कॉलेजपासून चालवतोय. आरएक्स हंड्रेड होती, मग बुलेट. ताम्हिणी, वरंधा, सगळे घाट पालथे घातलेत." मान्य. पण मंडळी, ती इतकी वर्षं तुम्हाला चालवताना पाहिलं कोणी? काकांनी मैदानावर क्लच सोडायला शिकवलं, दोनदा गाडी बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली, आणि शिक्षण संपलं. पुढचं सगळं रस्त्याने शिकवलं. रस्ता जगायला शिकवतो हे खरं, पण तो रस्ता सिंहगड रोड होता. तिथे शिकलेल्या कितीतरी गोष्टी इथे अंगाशी येतात.

पुढचा ब्रेक घ्या. "पुढचा दाबलास तर तोंडावर पडशील" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्यामुळे आपला उजवा पाय कायम मागच्या ब्रेकवर आणि उजवा हात नुसता ॲक्सिलरेटरला. ताशी 35 च्या वेगाला ते खपून जातं. ताशी 80 ला समोर अचानक गाडी आली की वजन सगळं पुढच्या चाकावर जातं, मागचं चाक हलकं होतं, आणि नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला तर ते घसरत जातं, गाडी थांबत नाही. थांबवायचं खरं काम पुढचा ब्रेक करतो. तो झटक्याने न दाबता पिळत नेमका किती दाबायचा हे हाताला कळावं लागतं. ते वाचून कळत नाही. मोकळ्या जागेत वेग घेऊन, शंकूंच्या मध्ये, पुन्हा पुन्हा थांबून कळतं. कोर्समध्ये हे करून घेतात. स्वतःच्या नव्याकोऱ्या गाडीवर, घरासमोरच्या रस्त्यावर हे कोणी करत नाही. मीही करणार नाही.

दुसरं, चौक. इथे आपण रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतो. समोरून येणारी कार तिच्या डावीकडे वळते ती थेट आपल्या वाटेत. एका दिव्याची बारीक मोटारसायकल दूर आहे की जवळ, वेगात आहे की हळू, याचा अंदाज कारवाल्याला पटकन येत नाही. त्याला वाटतं निघून जाऊ. आपल्याकडे अशा वेळी हॉर्न वाजवतात. इथे हॉर्नला सरावलेले कान नाहीत, आणि तो वाजवेपर्यंत ब्रेकचा वेळ गेलेला असतो. लेनच्या कुठल्या भागातून चाललो तर आपण दिसतो, बोटं ब्रेकवर आधीच कधी न्यायची, मान वळवून मागचा आंधळा कोपरा कधी पाहायचा, या बारीकसारीक गोष्टी प्रशिक्षक प्रत्येकाच्या मागे लागून करून घेतात. आरशात पाहिलं, पण मान वळवली नाही, तर गुण कापतात. बरं करतात.

सिग्नलला उभ्या गाड्यांच्या मधून नागमोडी पुढे सरकणं ही आपली कला. इथे ती बेकायदा आहे. शिवाय पहिल्या गरम आठवड्यात रस्त्यावर हिवाळाभर टाकलेली वाळू आणि खडी तशीच पडलेली असते, वळणांवर तर जास्तच. कॅलेडनच्या फोर्क्स ऑफ द क्रेडिट रोडवर पहिल्या उन्हाला निघालेल्यांना हे मी वेगळं सांगायला नको.

कोर्स बहुतेक ठिकाणी एका शनिवार-रविवारचा असतो. शुक्रवारी संध्याकाळी वर्गात थोडं बसवतात, मग दोन दिवस एखाद्या कॉलेजच्या मोठ्या पार्किंग लॉटमध्ये. गाड्या त्यांच्याच असतात, लहान आणि हलक्या. पहिला तास तर गाडी चालूही करू देत नाहीत. एकाने बसायचं, दुसऱ्याने ढकलायचं. वीस वर्षं बुलेट हाकलेल्या माणसाला हा अपमान वाटतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुपारपर्यंत तेच गृहस्थ हळू चालवताना पाय खाली न टेकता वळण घ्यायचा प्रयत्न करत घामाघूम झालेले असतात. गाडी पडते. पडू द्यावी, ती त्यासाठीच ठेवलेली आहे. शेवटी तिथेच परीक्षा होते. पास झालात की एम-टू साठी वेगळी रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागत नाही. 60 दिवस पुरे झाले की कागद घेऊन ड्राइव्हटेस्ट केंद्रात जायचं. काहीशे डॉलर लागतात. त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी आधी विम्याचा आकडा विचारावा, आणि कोर्स केलेल्याला काही सूट आहे का तेही त्याच फोनवर विचारून घ्यावं. अनेक विमा कंपन्या देतात.

आता एका प्रकाराबद्दल थोडं कडक बोलतो. दर उन्हाळ्यात नवं एम-वन काढायचं, 90 दिवस फिरायचं, संपलं की पुन्हा लेखी परीक्षा देऊन आणखी 90 दिवस, असे हंगामी एम-वनवाले आपल्यातही आहेत. लेखी परीक्षा स्वस्त, कोर्स महाग, हा हिशेब. वर्षानुवर्षं चालवूनही कोणी एकदाही न तपासलेला माणूस त्यातून तयार होतो. शिवाय सूर्यास्त झाला आणि घर अजून दूर आहे, किंवा बायको म्हणाली एक चक्कर मार, की नियम मोडला. त्यानंतर काही घडलं तर विमा कंपनीच्या माणसाशी बोलणं सोपं नसतं.

बायकांना मुद्दाम विनंती. गिरगाव-डोंबिवलीच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुलींचे फोटो आपण दर पाडव्याला एकमेकांना पाठवतो. तुमच्यातल्या कितीतरी जणी पुण्यात, नाशकात, नागपुरात रोज ॲक्टिव्हावर ऑफिसला जात होत्या; गर्दीतला तोल आणि अंदाज तुमच्याकडे आहे. इथे आल्यावर ते सगळं थांबलं, कारण मोटारसायकल म्हणजे पुरुषांची अवजड गाडी असं चित्र समोर आलं. ॲक्टिव्हाएवढ्या स्कूटरलाही इथे एम-वर्गाचाच परवाना लागतो, तेव्हा काढायचाच आहे तर क्लच-गिअरसकट काढा. कोर्सच्या गाड्या लहान असतात, आणि ज्याला गिअर अजिबात माहीत नाही त्याच्यासाठीच तो आखलेला असतो. उलट आम्हा जुन्या चालवणाऱ्यांपेक्षा तुम्हाला सोडायच्या सवयी कमी आहेत.

एम-टू मिळालेल्यांनो, तुम्हीही लांब उभे राहून ऐकू नका. रात्र मिळाली, महामार्ग मिळाला, डबलसीट मिळालं, आता एमची काय घाई, असं म्हणत वर्षं जातात. एम-टूची मुदत 5 वर्षांची असते. ती संपू दिलीत तर पुन्हा एम-वनपासून. एम-टूमधून बाहेर पडण्यासाठीही कोर्स आहे, बहुधा एका दिवसाचा. त्यात खऱ्या रस्त्यावर चालवायचं असतं, प्रशिक्षक मागून येतो आणि हेल्मेटमधल्या रेडिओवरून कानात बोलतो. वेगात महामार्गात शिरताना "मान वळव, आता जा" असं कोणीतरी सांगणं हा अनुभव कितीही वर्षं चालवलेल्यानेही एकदा घ्यावा.

मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना माझी मागणी छोटी आहे. पाडव्याच्या कार्यक्रमात, श्रीखंड-पुरीच्या आधी, पाच मिनिटं या विषयाला द्या. जवळपासच्या मान्य कोर्सची यादी नोंदणीच्या टेबलावर ठेवा. चार-पाच जणांनी मिळून एकाच शनिवार-रविवारची नोंदणी केली तर संकोच जातो आणि डबेही वाटून खाता येतात. ज्यांच्याकडे पूर्ण एम आहे त्यांनी त्या टेबलापाशी अर्धा तास उभं राहावं. पोर्ट डोव्हरला तेरा तारखेच्या शुक्रवारी 1981 पासून मोटारसायकलवाले जमतात; तिथे मराठी बोलणारेही भेटतात, पण कोर्सबद्दल विचारायला तोवर उशीर झालेला असतो.

नोंदणीबद्दल शेवटचं. चांगल्या वेळेच्या जागा हिवाळ्यातच भरतात, तेव्हा आज पाहा. आधी एम-वन काढा, पण कोर्सची तारीख हातात घेऊनच काढा, म्हणजे 60 ते 90 मधल्या त्या 30 दिवसांत कागद जागच्या जागी असतील. घोट्याच्या वर येणारे बूट, जाड पँट, पूर्ण बाह्यांचं जाकीट आणि हातमोजे लागतात; चप्पल-सँडलवाल्याला दारातून परत पाठवतात. हेल्मेट घालूनच यावं. पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना 2018 पासून हेल्मेटमधून सूट आहे. पुणेरी पगडीला ती लागू नाही. पाऊस आला तरी वर्ग चालू राहतो, म्हणून रेनकोट बरोबर ठेवा.

आपला,
मिसिसागातला एक मराठी मोटारसायकलस्वार