पण चढते का?

मी बियर पितो, आणि प्यालेल्या प्रत्येक बियरचे टिपण एका दोनशेपानी वहीत करून ठेवतो. पहिल्या अपराधाची आमच्या घराने केव्हाच क्षमा केली. दुसऱ्याची अजून केलेली नाही. "दारूच्या कसल्या रे नोंदी?" असे आमचे दादा विचारतात, आणि मित्र विचारतात, "ते राहू दे, पण चढते का?" एक प्रश्न सोवळ्यातला, दुसरा गुत्त्यातला; पण पेल्यात नशेखेरीज दुसरे काही असू शकते, हे दोघांनाही मान्य नाही. माझे भांडण या दोघांशीही आहे.

देवगडचा आणि रत्नागिरीचा हापूस यांवर जेवण संपेपर्यंत वाद घालणारा आमचा माणूस बियरच्या दुकानात शिरला की त्याची सारी रसिकता दोन शब्दांत आटोपते: थंड आणि स्ट्राँग. थंड म्हणजे जीभ बधिर होईल इतकी. मग चव कळण्याची भीतीच नको. आणि स्ट्राँग म्हणजे पाचाच्या वर, आठ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली. पिल्सन गावात १८४२ साली जी सोनेरी बियर निघाली आणि जिची नक्कल पुढे जगभर झाली, ती आजही साडेचार टक्क्यांच्या आसपासच आहे. तिथल्या लोकांना जास्त कडक करता येत नाही असे थोडेच आहे!

बियर हा मुळात धान्याचा पदार्थ. सातू भिजवायचे, त्यांना मोड आणायचे, ते वाळवायचे. आमच्या घरी नाचणीच्या सत्त्वासाठी हेच करीत. पुढे त्यांचा गोड काढा होतो, त्यात हॉप नावाच्या वेलीची कडू फुले उकळतात, आणि मग यीस्टचा कारभार सुरू होतो. बव्हेरियातल्या पद्धतीची गव्हाची बियर मी प्रथम प्यालो तेव्हा वहीत लिहिले, "राजेळी केळे, मागून लवंग." घरात हशा पिकला. पण ते वास खरोखरच असतात. केळे किंवा लवंग कोणी घातलेली नसते, ती करामत यीस्टची. कारल्याची आणि मेथीची कडू चव कौतुकाने खाणाऱ्यांना हॉपची कडू चव मात्र 'औषधासारखी' लागते, याचे मला नवल वाटते.

या अरसिकतेला आमची लाज बरीचशी जबाबदार आहे, आणि लाजेला कायद्याचा आधार आहे. १९४९ सालच्या दारूबंदी कायद्यान्वये महाराष्ट्रात पिणाऱ्यापाशी आजही परवाना असावा लागतो. परवाना फारसा कोणी काढीत नाही. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणतात. चोरून आणलेली वस्तू माणूस घाईने संपवतो, आणि घाईत चवीला सवड कुठली? त्याला थोड्या वेळात पुष्कळ नशा हवी असते.

दादांचा राग पोकळ नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या चुलत्यांचे घर दारूने बसले. काकूंच्या बांगड्या गेल्या, मग शिवणयंत्र गेले. मी तेव्हा शाळेत होतो. चवीने पिणारा कधी बिघडत नाही, असे मी म्हणणार नाही. मद्यार्क तो मद्यार्कच. पण काका दार लावून, पाणीही न घालता, औषध ढोसावे तसे पीत, आणि आपण काय पितो याविषयी ते जन्मात एक शब्द बोलले नाहीत. घरानेही कधी विचारले नाही. घरात विषयच बंद होता. तो बंद ठेवून काका वाचले नाहीत, एवढे तरी दादांनी कबूल करावे.

गेल्या रविवारी पेला मेजावर ठेवून मी वही आणायला आत गेलो. परत आलो तो दादा पेल्यावर वाकलेले. प्याले नाहीत, नुसता वास घेतला. म्हणाले, "मोसंब्याच्या सालीसारखे येते आहे रे काहीतरी." मी ते त्यांच्या नावानिशी वहीत उतरवून घेतले. मित्र मात्र अजून चढते का, हेच विचारीत आहेत.