दोघांची भिशी

मंडळी, मागच्या महिन्यात आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात एका तरुण मित्राने मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, दोन वर्षांनी लग्न करायचं ठरलंय, पण हातात पैसाच उरत नाही. तुम्ही दोघांनी कसं केलं?" उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज इथे लिहितोय.

माझं लहानपण उधन्यातलं. वडील लूमच्या खात्यात पाळी करायचे, आई गल्लीतल्या बायकांची भिशी सांभाळायची. मी बीई होऊन नोकरीला लागलो, तेव्हा ती रिंग रोडच्या एका कापड मार्केटमध्ये हिशेब लिहायची. दर रविवारी भेटायचो. मॉलमधला सिनेमा, हॉटेल, परतीची टॅक्सी. बिल नेहमी मीच द्यायचो. मुलानेच द्यायचं असतं, अशी समजूत.

एका रविवारी माझा फोन तिच्या हातात असताना क्रेडिट कार्डाचा मेसेज आला. बाकी ४८,००० रुपये. उधना दरवाजा येईपर्यंत ती काही बोलली नाही. उतरताना म्हणाली, "एवढं कर्ज होतं, तर माझ्यापासून लपवलंस का?" पुढचे दोन आठवडे फोन नाही. मला वाटलं, संपलं.

तिसऱ्या रविवारी ती वही घेऊन आली. "आधी तुझं सगळं सांग, मग माझं सांगते." तेव्हा कळलं, तिच्या पगारातून धाकट्या भावाची फी जात होती. मीही कधी विचारलं नव्हतं.

त्या वहीत आम्ही तीन गोष्टी ठरवल्या.

पहिली, आधी कार्ड. कार्डाचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. आवर्ती ठेवीवर मिळतात सहा-सात टक्के. कर्ज तसंच ठेवून बचत करणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. महिन्याला ८,००० भरून सात महिन्यांत कार्ड मोकळं केलं.

दुसरी, बचत आपापल्या नावावर. मी महिन्याला ५,००० आणि ती ३,०००, ज्याच्या त्याच्या पगाराप्रमाणे, वेगवेगळ्या आवर्ती खात्यांत. लग्नाआधी पैसे एका खात्यात एकत्र करू नका. उद्या काही बिनसलं तर भांडण पैशाचं होतं. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या पैशाच्या भेटी ५०,००० च्या वर गेल्या, तर ती सगळी रक्कम करपात्र धरतात. आणि होणारा नवरा किंवा होणारी बायको कायद्याच्या लेखी अजून नातेवाईक नसते. लग्नानिमित्त मिळालेल्या भेटीवर मात्र कर नाही.

तिसरी गोष्ट आईच्या भिशीतून घेतली. भिशीत व्याज नसतं, तरी बायका हप्ता चुकवत नाहीत, कारण सगळ्यांसमोर द्यायचा असतो. आम्हीही दर महिन्याच्या पाच तारखेला एकमेकांना पासबुक दाखवायचो. चुकलं तर कारण सांगायचं, रागवायचं नाही.

भेटणं थांबवलं नाही, जागा बदलल्या. चौक बाजारचा किल्ला, गोपी तलाव, संध्याकाळी लोचोची एक प्लेट दोघांत. एका रविवारी बिल माझं, दुसऱ्या रविवारी तिचं. खरं सांगतो, मॉलमध्ये आम्ही पडद्याकडे बघत बसायचो. किल्ल्याच्या भिंतीशी बसून घर, आई-वडील, नोकरी यांवर बोलायला लागलो.

दोन वर्षांत मुद्दल १,९२,००० झालं, वर व्याज. फार मोठी रक्कम नाही. पण माझ्या ताईच्या लग्नाला वडिलांनी शेठकडून उचल घेतली होती आणि ती फेडताना वर्षानुवर्षं जादा पाळ्या केल्या होत्या. आमच्या वेळी हॉल आणि जेवणाचे पैसे आम्ही दोघांनी दिले. वडिलांनी ती पावती दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

म्हणून त्या मित्राला माझं एवढंच सांगणं आहे: खर्च कुठे कापायचा ते नंतर बघ. येत्या रविवारी आधी तिला तुझा पगार आणि तुझं कर्ज खरं खरं सांग. आणि तिचं ऐकून घे.