जनादेशाची मुदत

पुण्याच्या नारायण पेठेला कायदेमंडळाची चर्चा नवी नाही. ज्या ‘केसरी’चे बिऱ्हाड पुढे या पेठेतील गायकवाड वाड्यात स्थिरावले, त्याचे संपादक लोकमान्य टिळक १८९५ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात निवडून गेले आणि १८९७ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले. ‘केसरी’चेच न. चिं. केळकर १९२३ साली मध्यवर्ती कायदेमंडळात पोचले. लोकांचा प्रतिनिधी सभागृहात कशासाठी जातो, हा प्रश्न तेव्हापासून पुण्यात चर्चिला जात आहे. परंतु त्याचाच जोडप्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रतिनिधीने सभागृहातून बाहेर केव्हा पडावे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुण्यात जन्मलेल्या एका खासदाराने आपल्या कृतीने देऊन ठेवले आहे. ते खासदार म्हणजे मधू लिमये.

१ मे १९२२ रोजी जन्मलेले लिमये फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असतानाच समाजवादी चळवळीत आले. १९४० साली युद्धविरोधी प्रचारासाठी त्यांना कारावास घडला. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत राहिले. १९५५ साली सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्यात शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना बेदम मारले आणि लष्करी न्यायालयाने बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. सुमारे एकोणीस महिन्यांच्या बंदिवासानंतर १९५७ साली त्यांची सुटका झाली. म्हणजे संसदेची पायरी चढण्यापूर्वी दोन परकीय सत्तांचे तुरुंग त्यांनी पाहिले होते.

आणि संसदेत त्यांना पाठविले कोणी? पुण्याने नव्हे, महाराष्ट्रानेही नव्हे; बिहारने. १९६४ च्या पोटनिवडणुकीत मुंगेरने त्यांना निवडून दिले आणि १९६७ साली पुन्हा दिले. १९७१ साली पराभव झाला. परंतु १९७३ च्या पोटनिवडणुकीत बांका मतदारसंघाने त्यांना लोकसभेत परत पाठविले. ज्याचे गाव, ज्याची मातृभाषा, ज्याची जात यांपैकी काहीही मतदारसंघाशी जुळत नाही, अशा माणसाला बिहारच्या शेतकऱ्याने विचाराच्या बळावर स्वीकारले. आज उमेदवारी ठरविताना जातीच्या मतांची बेरीज प्रथम मांडणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, ही घटना जरा आठवून पाहावी.

लोकसभेत लिमये यांनी नियमांच्या पुस्तकाला शस्त्राचे रूप दिले. रस्त्यावरचा कार्यकर्ता नियमावलीला बहुधा कंटाळतो. ती नोकरशहांची आणि वकिलांची मिरासदारी आहे असे मानतो. लिमये यांनी राज्यघटना, कामकाजाचे नियम आणि पूर्वीचे दाखले असे आत्मसात केले की, ते उभे राहिले म्हणजे मंत्र्यांना सावध व्हावे लागे. हीच तयारी त्यांनी न्यायालयातही वापरली. नोव्हेंबर १९६८ मध्ये मुंगेरजवळील लखीसराय येथे त्यांना अटक झाली, परंतु अटकेची कारणे त्यांना कळविण्यात आली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने या एका मुद्द्यावर त्यांच्या सुटकेचा आदेश दिला. जमावबंदीच्या १४४ कलमाला त्यांनी दिलेले आव्हान मात्र न्यायालयाने पुढे फेटाळले. एक लढाई जिंकली, एक हरली. परंतु अटकेचे कारण कळणे ही सरकारची मेहेरबानी नसून नागरिकाचा हक्क आहे, ही गोष्ट त्या निकालाने पक्की झाली.

त्यांच्या कसोटीचा खरा क्षण आला तो आणीबाणीत. जुलै १९७५ मध्ये लिमये स्थानबद्ध झाले. पाचव्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. आणीबाणी जारी असताना संसदेला कायद्याने ही मुदत एका वेळी एक वर्ष वाढविता येते, असे घटनेच्या ८३ व्या अनुच्छेदात म्हटले आहे. त्याचा आधार घेऊन सभागृहाने स्वतःलाच मुदतवाढ दिली. कायद्याच्या अक्षरात ते बसत होते. परंतु मुदतीने घेतलेल्या कर्जाची मुदत धनकोला न विचारता ऋणकोनेच वाढवून घ्यावी, आणि त्या वेळी धनकोच्या तोंडात बोळा कोंबलेला असावा, अशातला तो प्रकार होता. पाच वर्षांसाठी मिळालेल्या जनादेशावर सहावे वर्ष बसण्याचा अधिकार कोणालाच नाही, ही भूमिका घेऊन लिमये यांनी तुरुंगातून लोकसभेचा राजीनामा दिला. जबलपूरचे तरुण खासदार शरद यादव यांनीही तेच केले.

दोन राजीनाम्यांनी काय साधले, असे कोणी विचारील. सरकार पडले नाही, हे खरे. परंतु तुरुंगातल्या खासदाराचा आवाज सभागृहात तसाही पोचत नव्हता. त्या रिकाम्या झालेल्या दोन जागांनी मात्र एक गोष्ट नोंदवून ठेवली : जागा मतदाराची असते, खासदाराची नसते.

हा धोका केवळ आपल्याच देशाचा नाही. पश्चिम आफ्रिकेतील घाना १९५७ साली स्वतंत्र झाला, तेव्हा साम्राज्यशाहीविरुद्ध लढलेल्या सर्वांनाच आनंद झाला होता. १९५८ मध्ये तेथे प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आला. १९६४ मध्ये तो देश एकपक्षीय झाला. १९६५ मध्ये सत्तारूढ पक्षाचे सर्व उमेदवार मतदानावाचूनच निवडून आल्याचे जाहीर झाले. स्वातंत्र्यचळवळीतील एक अग्रणी आणि माजी विधिमंडळ सदस्य जे. बी. दांक्वा त्याच वर्षी तुरुंगात मरण पावले. पुढच्याच वर्षी लष्कराने एन्क्रुमा यांची सत्ता उलथविली, तेव्हा तिच्या बचावासाठी खरीखुरी संसद उरलेली नव्हती. समाजवादाचे नाव घेऊन मतदाराला बाजूला सारणारे राज्य समाजवादही टिकवू शकत नाही, हाच त्याचा अर्थ.

लिमये यांच्या सर्वच निर्णयांचे समर्थन करण्याचे कारण नाही. १९७७ साली बांकातून पुन्हा निवडून आल्यावर त्यांनी मंत्रिपद न स्वीकारता पक्षकार्य पत्करले. पुढे जनता पक्षातील दुहेरी सदस्यत्वाच्या वादात त्यांनी घेतलेली ताठर भूमिका तत्त्वाला धरून होती. तथापि १९७९ साली सरकार कोसळले आणि १९८० साली इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. त्या फुटीची जबाबदारी समाजवाद्यांनाही पूर्णतः झटकता येणार नाही. परंतु जागेचा, पदाचा वा पैशाचा मोह लिमये यांच्या निर्णयांमागे होता असे त्यांचे विरोधकही म्हणू शकले नाहीत. माजी खासदाराचे निवृत्तिवेतन त्यांनी घेतले नाही. १९८० च्या पराभवानंतर काही काळाने ते सक्रिय राजकारणातून बाजूला झाले आणि ८ जानेवारी १९९५ रोजी निधन होईपर्यंत लिहीत राहिले.

बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत सहा वर्षे केली होती. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ती पुन्हा पाच वर्षांवर आणली आणि आणीबाणी पुकारण्याच्या अटीही कडक केल्या. परंतु मुदतवाढीची ती तरतूद ८३ व्या अनुच्छेदात आजही कायम आहे. तिला कुलूप घालील असे कलम घटनेत नाही. तिच्यावर पहारा ठेवावा लागेल तो मतदारालाच. मुंगेर आणि बांका येथील साध्या माणसांनी निवडलेल्या त्या पुणेकर खासदाराचा राजीनामा हा या पहाऱ्याचा पहिला धडा होय. कार्यकर्त्यांनी तो आपल्या अभ्यासवर्गात मुद्दाम शिकविला पाहिजे.