पालघरचा 'मध्यावधी' कौल : मते आटली नव्हती, फुटली होती
२०१८ च्या पोटनिवडणुकीचे आकडे आजही काय सांगतात?

कामण (ता. वसई), प्रतिनिधी

अमेरिकेत अध्यक्षाच्या चार वर्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर, ठरलेल्या दिवशी, मध्यावधी निवडणूक होते. प्रतिनिधीगृहाच्या सर्व ४३५ जागा आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागा त्या दिवशी पणाला लागतात. या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला फटका बसणे हा तिथला जणू रिवाजच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिनिधीगृहापुरते पाहिले तर १९९८ आणि २००२ हे दोनच अपवाद सापडतात. भारतात अशी ठरलेली परीक्षा नाही. येथे 'मध्यावधी' म्हणजे सरकार कोसळल्यावर लादली गेलेली निवडणूक. त्यामुळे सरकारबद्दल मतदाराच्या मनात काय चालले आहे हे मधल्या काळात जोखायचे, तर पोटनिवडणुकीकडेच पाहावे लागते.

पालघर लोकसभा मतदारसंघाने अशी एक परीक्षा मे २०१८ मध्ये पाहिली. किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्या, डहाणू-विक्रमगडचे आदिवासी पाडे, बोईसरची कारखानदारी आणि वसई-विरारच्या चाळी व इमारती एकाच मतपेटीत आणणारा हा मतदारसंघ. त्याच्या दक्षिण टोकाला, तुंगारेश्वरच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेला कामण पट्टा हे या मिश्रणाचे लहानसे प्रतिरूप म्हणावे लागेल. एकीकडे भातशेती आणि आदिवासी पाडे, तर दुसरीकडे भिवंडीच्या दिशेने सरकत आलेली गोदामे व कारखाने. म्हणूनच त्या निकालाचा अर्थ लावताना कामणसारख्या गावाच्या नजरेने पाहणे उपयोगी ठरते.

मित्रच झाले प्रतिस्पर्धी

भाजपचे खासदार चिंतामण वनगा यांचे जानेवारी २०१८ मध्ये निधन झाले आणि ही जागा रिक्त झाली. वनगा कुटुंबाकडे पक्षाने पाठ फिरवल्याची भावना व्यक्त होत असतानाच त्यांचे पुत्र श्रीनिवास वनगा यांनी शिवसेनेत प्रवेश केला आणि सेनेने त्यांना उमेदवारी दिली. भाजपने काँग्रेसमधून आलेले माजी राज्यमंत्री राजेंद्र गावित यांना रिंगणात उतरवले. केंद्रात आणि राज्यात एकत्र सत्तेत बसलेले दोन पक्ष पालघरमध्ये एकमेकांसमोर उभे ठाकले. बहुजन विकास आघाडीतर्फे माजी खासदार बळीराम जाधव, माकपतर्फे किरण गहला आणि काँग्रेसतर्फे दामोदर शिंगडा हेही मैदानात होते.

प्रचाराची पातळी शेवटच्या टप्प्यात कमालीची चढली. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या आवाजातील 'साम, दाम, दंड, भेद'ची ध्वनिफीत शिवसेनेने जाहीर सभेत ऐकवली, तर ती तोडूनमोडून सादर केल्याचा प्रतिवाद भाजपने केला. उत्तर भारतीय मतदारांना साद घालण्यासाठी उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांची विरारमध्ये सभा झाली. मोदी सरकारला चार वर्षे पूर्ण होऊन अवघे दोन दिवस उलटले असताना, २८ मे रोजी मतदान झाले. मतदान यंत्रांतील बिघाडांच्या तक्रारींनी तो दिवस गाजला आणि मतदानाच्या आकडेवारीवरून वादही झाला. २०१४ मध्ये साठ टक्क्यांहून अधिक असलेले मतदान या वेळी निम्म्याच्या आसपासच रेंगाळले.

आकड्यांची उकल

३१ मे रोजी निकाल लागला. गावित यांना २ लाख ७२ हजार ७८२, वनगा यांना २ लाख ४३ हजार २१०, जाधव यांना २ लाख २२ हजार ८३८, गहला यांना ७१ हजार ८८७, तर शिंगडा यांना ४७ हजार ७१४ मते मिळाली. २९ हजार ५७२ मतांनी भाजपने जागा राखली. काँग्रेसला अनामत रक्कमही वाचवता आली नाही.

वरवर पाहता हा भाजपचा विजय आणि शिवसेनेचा पराभव होता. खोलात शिरल्यास चित्र वेगळे दिसते. पाच प्रमुख उमेदवारांच्या एकूण मतांपैकी विजयी उमेदवाराच्या वाट्याला जेमतेम ३२ टक्के आली. म्हणजे दर तीन मतदारांपैकी दोघांनी दुसऱ्या कोणाला तरी पसंती दिली होती. मात्र त्याचा अर्थ युतीचा जनाधार आटला असाही होत नाही. २०१४ मध्ये युतीचे उमेदवार म्हणून चिंतामण वनगा यांना ५ लाख ३३ हजार २०१ मते पडली होती. २०१८ मध्ये भाजप आणि शिवसेना यांच्या मतांची बेरीज ५ लाख १५ हजार ९९२ होते. मतदान इतके घटूनही ही बेरीज केवळ १७ हजारांनी कमी भरली. युतीचा मतदार घरी बसला नव्हता. तो दोन तंबूंत विभागला गेला होता.

खरी घसरण झाली ती बहुजन विकास आघाडीची. २०१४ मधील २ लाख ९३ हजार ६८१ मतांवरून हा पक्ष ७० हजारांहून अधिक मतांनी खाली आला. २००९ मध्ये, मतदारसंघाच्या पुनर्रचनेनंतरच्या पहिल्याच निवडणुकीत याच पक्षाच्या बळीराम जाधव यांनी ही जागा जिंकली होती. वसई, नालासोपारा आणि बोईसर हे तीन विधानसभा मतदारसंघ त्या वेळी आघाडीच्या ताब्यात होते. तरीही लोकसभेच्या मैदानात पक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेला. नळ, गटार आणि दाखल्यासाठी स्थानिक नेत्याचा दरवाजा ठोठावणारा मतदार दिल्लीसाठी मत देताना तोच दरवाजा ठोठावेल याची खात्री उरलेली नाही, याची ती पहिली ठळक खूण होती.

भाकीत चुकले ते कोठे?

त्याच दिवशी भंडारा-गोंदियात राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे विजयी झाले आणि उत्तर प्रदेशात कैराना येथे विरोधकांच्या एकत्रित उमेदवाराने भाजपचा पराभव केला. त्याआधी मार्चमध्ये गोरखपूर आणि फूलपूर भाजपच्या हातून गेले होते. या निकालांच्या आधारे २०१९ मधील सत्तांतराची भाकिते वर्तवली गेली. प्रत्यक्षात भाजपने ३०३ जागा मिळवल्या. पालघरमध्ये तर जागावाटपात ही जागा शिवसेनेला सुटली, गावित यांनी भाजप सोडून धनुष्यबाण हाती घेतला आणि ५ लाख ८० हजार ४७९ मते मिळवून ते पुन्हा लोकसभेत गेले. वर्षभरापूर्वी ज्यांच्याविरुद्ध प्रचार केला, त्यांच्यासाठीच मते मागण्याची वेळ सेनेच्या कार्यकर्त्यांवर आली. श्रीनिवास वनगा यांना त्याच वर्षी पालघर विधानसभेची उमेदवारी मिळाली व ते आमदार झाले.

अमेरिकेची मध्यावधी निवडणूक आणि आपली पोटनिवडणूक यांतील फरक येथे लक्षात घ्यावा लागतो. तिथे संपूर्ण देश एकाच दिवशी कौल देतो. आपल्याकडे एखाद्या मृत्यूमुळे किंवा राजीनाम्यामुळे एखादाच मतदारसंघ मतदान करतो. तिथले स्थानिक हेवेदावे, उमेदवारीवरचा रुसवा, सहानुभूती यांचे वजन त्यामुळे वाढते. अशा निकालातून विरोधक एकत्र आल्यास काय घडते आणि मित्रपक्ष वेगळे लढल्यास काय घडते, एवढाच धडा भरवशाने घेता येतो.

पालघरने हा धडा पुढेही गिरवला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत भाजपचे हेमंत सवरा ६ लाख १ हजार २४४ मते घेऊन विजयी झाले. ठाकरे गटाच्या भारती कामडी यांना ४ लाख १७ हजार ९३८ आणि बविआचे राजेश पाटील यांना २ लाख ५४ हजार ५१७ मते मिळाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची बेरीज विजेत्यापेक्षा ७१ हजारांनी अधिक होती. सहा महिन्यांनी वसई विधानसभेत त्याचीच पुनरावृत्ती झाली. भाजपच्या स्नेहा दुबे पंडित यांनी हितेंद्र ठाकूर यांना अवघ्या ३ हजार १५३ मतांनी हरवले, तेव्हा तिसऱ्या क्रमांकावरील काँग्रेसचे विजय पाटील यांच्या पारड्यात ६२ हजारांहून अधिक मते होती. नालासोपारा आणि बोईसरही गेले आणि बविआचे विधानसभेतील अस्तित्व संपुष्टात आले.

निकाल बदलले, प्रश्न तेच

या साऱ्या उलथापालथीत कामण पट्ट्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न उरतोच. राष्ट्रीय महामार्गाला भिवंडीशी जोडणारा चिंचोटी-कामण-अंजूरफाटा रस्ता अवजड वाहतुकीने वर्षानुवर्षे खिळखिळा होत राहिला. वसई-दिवा मार्गावरच्या कामण रोड स्थानकातून सुटणाऱ्या मोजक्या गाड्यांवर नोकरदारांचे वेळापत्रक अवलंबून राहिले. २००९ मध्ये चार नगरपालिका व ५३ ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली. त्यातून २९ गावे वगळण्याची अधिसूचना राज्य सरकारने २०११ मध्ये काढली, प्रकरण न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती गावे महापालिकेतच ठेवण्याचा निर्णय झाला. पश्चिमेच्या किनाऱ्यापासून पूर्वेच्या डोंगरापर्यंत गावकऱ्यांची एक पिढी या वादात सरली.

याहून गंभीर बाब म्हणजे लोकप्रतिनिधीच नसण्याची. महापालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर साडेपाच वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. लोकसभा आणि विधानसभेसाठी या काळात मतदारांनी रांगा लावल्या, मात्र पाणी, रस्ता, दिवाबत्ती यांबद्दल ज्याला जाब विचारावा असा नगरसेवक कोठेच नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये अखेर निवडणूक झाली तेव्हा विधानसभेत भुईसपाट झालेल्या बविआलाच मतदारांनी ११५ जागांच्या महापालिकेत बहुमत दिले. चौदा महिन्यांच्या अंतराने आलेले हे दोन कौल परस्परविरोधी वाटले तरी तसे नाहीत. देशासाठी एक, गावासाठी दुसरा असा हिशेब मतदार मांडू लागला आहे. २०१८ च्या आकड्यांत तो धूसर दिसला होता, आता तो ठळक झाला आहे.

राजकीय पक्षांनी मात्र त्यातून घेतलेला बोध निराळाच आहे. उमेदवारांनी पक्ष बदलले, पक्षांनी मित्र बदलले. पोटनिवडणुकीत भाजपचे, २०१९ मध्ये शिवसेनेचे खासदार झालेले गावित २०२४ मध्ये आधी भाजपमध्ये परतले आणि पुन्हा शिंदे गटाकडून पालघरचे आमदार झाले. तेथील विद्यमान आमदार श्रीनिवास वनगा यांना उमेदवारी नाकारली गेली. मतांची विभागणी कोणाच्या पथ्यावर पडेल याचे गणित मांडण्यात पक्षांची बुद्धी खर्ची पडत असताना, ३२ टक्क्यांच्या पाठिंब्यावर निवडून येणाऱ्याने उरलेल्या ६८ टक्क्यांचे ऐकावे कसे, याचे गणित मांडायला कोणी तयार नाही. अमेरिकेतल्या मतदाराला दर दोन वर्षांनी हा जाब विचारण्याची हक्काची तारीख मिळते. कामणच्या मतदाराला स्वतःच्या महापालिकेसाठीसुद्धा ती तारीख मिळायला साडेपाच वर्षे थांबावे लागले. पालघरच्या निकालांतून कोणी काही शिकणार असेल, तर पहिला धडा निवडणुका वेळेवर घेण्याचा आहे.