फिलिप आन : हुतात्म्याच्या पुत्राला मिळालेली शत्रूची वर्दी

१/ १९४५ सालच्या 'बॅक टू बटान' या चित्रपटात जॉन वेन फिलिपिन्समध्ये जपानी सैन्याशी झुंजतो. त्यातील जपानी कर्नल साकारणारे अभिनेते जपानी नव्हते. ते १९०५ मध्ये लॉस एंजेलिस येथे जन्मलेले, कोरियन वंशाचे अमेरिकन होते. नाव फिलिप आन. #इतिहास

२/ त्यांचे वडील आन चांग-हो उर्फ 'दोसान' हे कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे अग्रणी. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला. १९२६ मध्ये दोसान कुटुंबाला अमेरिकेत ठेवून निघाले, ते पुन्हा घरी आलेच नाहीत. १९३२ मध्ये शांघायला अटक, तुरुंगवास, १९३७ मध्ये पुन्हा अटक आणि मार्च १९३८ मध्ये मृत्यू.

३/ आज ही हकीकत 'विलक्षण योगायोग' म्हणून सांगितली जाते. वर पुस्ती जोडली जाते की, जपानी खलनायक रंगवून मुलाने पित्याचा सूड उगवला. ही कथा गोड आहे आणि तितकीच फसवी आहे. आन यांना त्या भूमिकांत समाधान लाभलेही असेल. पण दुसरे दार उघडे असते, तरच त्याला निवड म्हणता येते.

४/ ते दार कसे बंद होते, हे पाहावे. १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. पडद्याला मात्र जपानी शत्रू हवाच होता. मग चिनी आणि कोरियन वंशाच्या नटांना ती वर्दी चढवली गेली. 'द पर्पल हार्ट' (१९४४) मधील जपानी सेनापती झालेले रिचर्ड लू हे चिनी वंशाचे होते.

५/ 'नटाने कोणतीही भूमिका करावी, त्यात वंश कसला?' हा युक्तिवाद येथे हमखास होतो. तो मान्य करू. मग तो दोन्ही बाजूंनी लागू व्हायला हवा. चिनी गुप्तहेर चार्ली चॅन रंगवला स्वीडनमध्ये जन्मलेल्या वॉर्नर ओलंड यांनी. 'द गुड अर्थ' (१९३७) मध्ये चिनी शेतकरी दांपत्य झाले पॉल म्युनी आणि लुईझे रायनर. रायनर यांना ऑस्कर मिळाले. त्याच चित्रपटात आन यांच्या वाट्याला एक किरकोळ भूमिका आली. गोऱ्या नटाला सारे जग मोकळे होते. आशियाई नटाला मोकळीक एवढीच, की एका आशियाई देशाऐवजी दुसरा देश!

६/ त्यात निर्मिती संहितेची भर. भिन्नवंशीय प्रणय पडद्यावर वर्ज्य मानला जाई. म्हणजे नायिका गोरी ठरली की आशियाई नायक बाद, आणि नायक गोरा ठरला की ॲना मे वाँग यांच्यासारखी अभिनेत्री बाद.

७/ 'काळच तसा होता' ही शेवटची ढाल. पण काळ सरसकट तसा नव्हता. १९१५ च्या 'द चीट' नंतर जपानी अभिनेते सेस्यू हायाकावा मूकपटांचे आघाडीचे नायक झाले होते. १९३७ मध्ये पॅरामाउंटने 'डॉटर ऑफ शांघाय' काढला. त्यात ॲना मे वाँग नायिका आणि आन सरकारी गुप्तहेर, म्हणजे नायक! शेवटी दोघांचे लग्न ठरते. २००६ मध्ये हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत समाविष्ट झाला. जे एकदा करून दाखवले, ते अशक्य होते असे कसे म्हणावे? स्टुडिओंनी तो मार्ग पाहिला आणि सोडून दिला.

८/ पुढे आन यांनी चार दशके काम केले. १९७२ ते १९७५ च्या 'कुंग फू' मालिकेतील शाओलिन मठाचे गुरू कान म्हणून एक अख्खी पिढी त्यांना ओळखते. तेथेही प्रमुख भूमिका गोऱ्या डेव्हिड कॅराडाइन यांचीच. आन १९७८ मध्ये निवर्तले. हॉलिवूडच्या पदपथावर त्यांच्या नावाचा तारा बसला १९८४ मध्ये.

९/ कोशांत त्यांची नोंद 'चरित्र अभिनेता' अशी सापडते. हा शब्द अभिनयाची जात सांगतो, असे वाटते. आन यांच्या बाबतीत तो केवळ मर्यादेची रेघ सांगतो. ती रेघ त्यांनी आखलेली नव्हती. म्हणून त्यांची गोष्ट पुढे पाठवताना 'सूड' हा शब्द गाळावा आणि 'डॉटर ऑफ शांघाय' अवश्य पाहावा. नायक म्हणून ते कसे दिसले असते, हा प्रश्न उरतच नाही. ते दिसले होते.