पेढ्यावरचा खोटा आळ

गेली चार वर्षं मी साताऱ्याच्या कंदी पेढ्याला विनाकारण शिव्या घालत होते. पेढ्या, सॉरी यार!

व्हायचं असं, की रात्री अचानक काहीतरी गोड खावंसं वाटायचं. घरून आलेला पुडा फ्रीजमध्ये असायचाच. तीन पेढे फस्त! आणि दुसऱ्या दिवशी नेमकं प्रेझेंटेशनच्या वेळी उजवा डोळा ठणकायला लागायचा. मग उलटी, पडदे बंद, मोबाइल सायलेंट. गुन्हेगार कोण? पेढा! तो बंद केला, चॉकलेट बंद केलं. डोकं मात्र चालूच.

सांगलीची आत्या याला मायग्रेन म्हणत नाही, अर्धशिशी म्हणते. तिचा उपाय म्हणजे सूर्य उगवायच्या आत गरम जिलबी आणि रात्री हळदीचं दूध. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मिळाल्यापासून तर तिला काही बोलायची सोय नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीनं ‘एकदम नॅचरल’ म्हणून परदेशी गोळ्यांची बाटली दिली. मी सगळं केलं. वर पेनकिलर होत्याच. त्या मोजतंय कोण?

मोजायला लावलं साताऱ्याच्या डॉक्टरांनी. तीन महिने डायरी लिहायची. झोप, जेवण, चहा, पाळी, गोळी, सगळं. कंटाळवाणं काम, पण त्यातूनच पेढा निर्दोष सुटला. अटॅकच्या आधी काही तास, कधी एक-दोन दिवससुद्धा, मेंदूत गडबड सुरू झालेली असते. जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते आणि अनेकांना गोडाची हाव सुटते. म्हणजे पेढा खाल्ला म्हणून डोकं दुखलं नव्हतं. डोकं दुखणार होतं म्हणून पेढा आठवला होता!

खरा आरोपी निघाली संकष्टी. दिवसभर नुसता चहा, चंद्रोदय होईपर्यंत पोटात काही नाही. तीन संकष्ट्या, तीन अटॅक. लंच बुडवलेल्या मीटिंगांचीही तीच गत.

आणि गोळ्या? महिन्यातले १४ दिवस! तीन महिन्यांहून जास्त काळ कॅफीन मिसळलेल्या पेनकिलर किंवा मायग्रेनच्या खास ट्रिप्टान गोळ्या महिन्याला १० दिवस, किंवा साध्या गोळ्या १५ दिवस घेतल्या, तर गोळीच डोकं दुखवायला लागते. हे ऐकून मी खरंच गार पडले. गोळी चुकली की दुखतंय, म्हणून मी आणखी गोळी घेत होते.

मग ती बाटली दाखवली. आत बटरबर नावाच्या झुडपाचा अर्क. २०१२ मध्ये अमेरिकेच्या न्यूरॉलॉजी अकादमीनं मायग्रेन टाळण्यासाठी त्याला सर्वांत वरचा दर्जा दिला होता. पुढं यकृताला धोका दिसला आणि २०१५ मध्ये त्यांनी ती शिफारसच मागं घेतली. नॅचरल म्हणे! बाटली कचऱ्यात.

त्यातल्या त्यात बरा पुरावा रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ चा. १९९८ च्या एका बेल्जियन चाचणीत रोज ४०० मिलिग्रॅम दिलं होतं, तीन महिने. मला डॉक्टरांनी तेच दिलं. (पहिल्याच दिवशी लघवी हायलायटरसारखी पिवळी! घाबरू नका.) मॅग्नेशियमचाही उपयोग होतो, पण पोट सैल होतं आणि किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. गरोदर मैत्रिणींनी तर काहीच मनानं घेऊ नये. हळदीचं दूध खुशाल प्या, पण अर्धशिशीसाठी त्याचा भक्कम पुरावा नाही. आणि मिरीचा अर्क घातलेल्या कडक हळदीच्या कॅप्सूल म्हणजे दूध नव्हे. त्यांनी यकृत बिघडल्याच्या केसेस आहेत.

पेनकिलर कमी केल्या तेव्हा पहिले पंधरा दिवस भयंकर गेले, खोटं कशाला बोलू. आता महिन्याला दोन अटॅक येतात. आधी सात-आठ यायचे. ड्रॉवरमध्ये सांगलीचं भडंग असतं, चार वाजताचं.

संकष्टीचं आत्याला कसं सांगायचं, याचं जास्त टेन्शन होतं. गेल्या खेपेला भीतभीत सांगितलं. तिनं दुपारी बारा वाजता राजगिऱ्याचा लाडू आणि मूठभर भाजके शेंगदाणे पुढ्यात ठेवले. “हे उपासाला चालतंय की गं. मग उपाशी कशाला मरतीस?”

जिलबीचं मात्र ती अजून सोडत नाही.