वेष्टन कसे असावे?

मुलांनो, आपल्या मुक्ताईनगरच्या परिसरात केळीच्या बागांना तोटा नाही. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. केळ्याचा गोडवा सारेच वाखाणतात. मला मात्र त्याच्या सालीचे अधिक कौतुक वाटते. दात नसलेली आजी असो वा लहानगे बालक असो, केळे सोलावयास कोणासही कात्री लागत नाही. टाकलेली साल गाय आनंदाने खाते. न खाल्ल्यास ती मातीत मिसळते. (वाटेत टाकली तर ती कोणाचीच गय करीत नाही, हेही खरे!)

आता महाशिवरात्रीच्या सुमारास येथे भरणारी यात्रा आठवा. पूर्वी मुरमुरे कागदाच्या पुडीत मिळत. दोरा सोडला की पुडी उघडे. आज खाऊची चकचकीत पाकिटे लटकलेली असतात. त्यांवर 'येथे फाडा' असे लिहिलेले असते खरे, परंतु म्हाताऱ्या बोटांना ते फाडवत नाही. आतील जिनसा दमट होऊ नयेत म्हणून प्लास्टिकवर धातूचा पातळ थर दिलेला असतो. हा गुण मान्य केलाच पाहिजे. तथापि ते थर पुन्हा वेगळे करणे अवघड असल्यामुळे असली पाकिटे भंगारवाला सहसा घेत नाही.

त्या मानाने दुधाची पिशवी बरी. ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असल्याने वितळवून पुन्हा उपयोगात आणता येते. मात्र आपण तिचा कोपरा कापतो, आणि तो नखाएवढा तुकडा कोणीही वेचीत नाही. तो गटारात जातो. पावसाळ्यात तेथून ओढ्यात, आणि पुढे पूर्णेत किंवा तापीत.

यावर तुम्हां मुलांना स्वच्छतेचा उपदेश करणे सोपे आहे; परंतु तुम्हीच तेवढे कोपरे वेचीत फिरावे, हे मला न्याय्य वाटत नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी प्लास्टिकचे वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकलेली आहे. मग पिशवीवरच एक ठळक रेघ का छापू नये, की जी कडेपर्यंत न जाता मध्येच थांबेल? शाईच्या एका रेघेस असा कितीसा खर्च येणार?

ती रेघ छापली जाईपर्यंत आमच्या घरी कात्री आपणच मध्ये थांबते. कोपरा पिशवीलाच लोंबत राहतो. महिनाअखेर धुऊन वाळविलेल्या तीस पिशव्या भंगारवाल्याकडे जातात, तेव्हा त्यांचे तीस कोपरेही त्यांच्याबरोबर जातात.